युनिकॉर्न खोटा, पण त्याचा गेंडा खरा

युनिकॉर्न, म्हणजे कपाळावर एकच शिंग असलेले दंतकथेतले घोडे, कधी काळी खरंच होते का, या प्रश्नाला दोन तयार उत्तरं मिळतात. एक म्हणजे, छे, ती नुसती परीकथा. दुसरं उत्तर अधूनमधून बातमीच्या मथळ्यातून येतं: शास्त्रज्ञांना खरा युनिकॉर्न सापडला. २०१६ साली असंच झालं. कझाकस्तानात मिळालेल्या एका कवटीचं वय सुमारे २९ हजार वर्षं असल्याचं जाहीर झालं आणि इलास्मोथेरियम या केव्हाच नामशेष झालेल्या प्रचंड गेंड्याचा ‘सैबेरियन युनिकॉर्न’ म्हणून जगभर गाजावाजा झाला. मला ही दोन्ही उत्तरं पटत नाहीत. युनिकॉर्नच्या मुळाशी खरे प्राणी आहेत, एकाहून जास्त आहेत, आणि त्यांतला मुख्य प्राणी आपल्याच देशात आजही चरतो आहे. तो म्हणजे भारतीय एकशिंगी गेंडा. हे मान्य करणं फक्त इतिहासाच्या हौसेपुरतं महत्त्वाचं नाही. त्या दंतकथेचा एक भाग अजून जिवंत आहे आणि त्यापायी आजही गेंडे मारले जातात.

सुरुवात टेसियसपासून करावी लागते. इ.स.पू. ४०० च्या सुमारास हा ग्रीक वैद्य इराणचा सम्राट दुसरा आर्टाझर्क्सीस याच्या दरबारी होता. भारतात तो कधी आला नाही. दरबारात जे कानावर पडलं त्याच्या आधारे त्याने भारताविषयी एक पुस्तक लिहिलं. तेही मूळ रूपात उरलेलं नाही. नवव्या शतकात फोटियस या बायझंटाइन विद्वानाने केलेला सारांश आणि इतर लेखकांनी घेतलेले काही उतारे एवढंच आपल्या हाती आहे. त्यात भारतातल्या रानगाढवांचं वर्णन येतं. घोड्याएवढी किंवा त्याहून मोठी, अंग पांढरं, डोकं गडद तांबडं, डोळे निळे. कपाळावर एक शिंग, लांबी सुमारे दीड फूट. शिंगाचं बूड पांढरं, मधला भाग काळा, टोक लालभडक. हा प्राणी इतका वेगवान की घोड्यालाही गाठता येत नाही. मांस कडू, त्यामुळे शिकार होते ती शिंगासाठी आणि घोट्याच्या हाडासाठी. या शिंगाच्या पेल्यातून जो पितो त्याला फेफरं येत नाही आणि विष बाधत नाही.

हा मजकूर थापा म्हणून बाजूला टाकणं सोपं आहे. पण तो तुकड्यातुकड्याने वाचला तर प्रत्येक तुकड्याला कुठला ना कुठला धनी सापडतो. वेग आणि गाढवाचं अंग हे पश्चिम आशियापासून कच्छच्या रणापर्यंत पसरलेल्या रानगाढवाचं. कच्छच्या छोट्या रणात ते आजही दिसतं, तिथे त्याला घुडखर म्हणतात. हिवाळ्यात त्याचं पोट आणि पाय फिकट, जवळजवळ पांढरे दिसतात आणि पळायला लागलं की जीपला दमवतं. शिंग मात्र त्याला नाही. कपाळावर किंवा नाकावर एकच शिंग असलेला, ज्याच्या शिंगाला औषधी गुण चिकटवले गेले असा प्राणी या भागात एकच होता, तो गेंडा. त्या काळी गेंडा फक्त आसाम-नेपाळच्या तराईत नव्हता, सिंधूच्या खोऱ्यापर्यंत होता. बाबराने सोळाव्या शतकात पेशावरच्या बाजूला गेंड्याची शिकार केली आणि ती लिहून ठेवली.

आणि ते तीन रंग? गेंड्याचं शिंग काळपट-करडं असतं, लाल टोक त्याला नसतं. मला इथे सर्वांत पटण्याजोगी शक्यता वाटते ती अशी की वर्णन करणाऱ्याने प्राण्याच्या कपाळावरचं शिंग पाहिलंच नव्हतं. त्याने पाहिला होता तो बनवलेला, रंगवलेला पेला. शिंग व्यापाऱ्याच्या गाठोड्यातून हजार मैल गेलं, प्राणी मात्र पाणथळीत राहिला. शिंग हातात, प्राणी अदृश्य. मग शिंगाला शोभेल असं अंग ऐकीव माहितीतून जोडलं गेलं. युनिकॉर्नच्या पुढच्या दोन हजार वर्षांच्या इतिहासात हेच पुन्हा पुन्हा घडलं आहे. माझ्या मते ‘युनिकॉर्न म्हणजे कोणता प्राणी’ असं विचारण्यापेक्षा ‘शिंग कुठून आलं आणि अंग कुठून आलं’ असं विचारलं तर कोडं बरंचसं सुटतं.

टेसियसनंतर शंभरेक वर्षांनी मेगॅस्थेनिस चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारी राहिला. तो खरोखर पाटलिपुत्रात होता. त्याच्या वृत्तांतावरून घेतलेलं समजलं जाणारं एक वर्णन एलियन या रोमन काळातल्या लेखकाने दिलं आहे. प्राण्याचं नाव ‘कार्टाझोन’. पूर्ण वाढलेल्या घोड्याएवढा, पाय हत्तीसारखे, शेपूट डुकरासारखी, भुवयांच्या मधोमध काळं शिंग, आवाज कर्कश. एकटा फिरतो. इतर प्राण्यांच्या वाटेला जात नाही, पण आपल्याच जातीच्या प्राण्यांशी भांडतो. काझीरंगात ज्यांनी गेंडा पाहिला आहे त्यांनी हे वाचून सांगावं, हा दुसरा कोणता प्राणी असू शकतो? हत्तीचे पाय आणि डुकराची शेपूट असलेला घोडा निसर्गात नाही. एकटेपणा, स्वजातीयांशी झुंज, नुसत्या शिंगाचा नव्हे तर पायाचा तपशील, हे सगळं प्राण्याच्या जवळपास वावरलेल्या माणसाकडून आलेलं आहे. पहिल्या शतकात प्लिनी या रोमन लेखकाने दिलेला ‘मोनोसेरॉस’ही असाच आहे: पाय हत्तीचे, शेपूट रानडुकराची, काळं शिंग. फक्त अंग घोड्याचं आणि डोकं हरणाचं. म्हणजे पुन्हा अंग आणि शिंग वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेलं.

याच सुमाराला आपल्याकडे काय चाललं होतं ते पाहिलं की फरक लख्ख दिसतो. इथे गेंडा हा कुणाच्याही कल्पनेतला प्राणी नव्हता. मनुस्मृतीत श्राद्धाला कोणतं मांस दिल्याने पितर किती काळ तृप्त होतात याची यादी आहे. तिसऱ्या अध्यायात, अक्षय तृप्ती देणाऱ्या पदार्थांत, खड्गाचं म्हणजे गेंड्याचं मांस येतं. पाचव्या अध्यायात कोणते प्राणी खाण्याजोगे आहेत त्या यादीत साळिंदर, घोरपड, कासव, ससा यांच्याबरोबर गेंडाही आहे. बुद्धाच्या परंपरेत भिक्षूने गेंड्याच्या शिंगासारखं एकटं राहावं असं एक संपूर्ण सुत्त आहे. ज्या प्राण्याचं मांस पानात वाढायचं त्याच्याविषयी गूढ उरत नाही. ग्रीसमध्ये चमत्कार होता, इथे तो स्वयंपाकाच्या आणि कर्मकांडाच्या हिशेबात होता. आपल्या महाराष्ट्रातही त्याची ओळख होती. १९७४ साली अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या दायमाबादला जी कांस्य शिल्पं सापडली त्यांत हत्ती, रेडा आणि बैलगाडी हाकणाऱ्या माणसाबरोबर एक गेंडाही आहे, चाकांवर उभा केलेला. हा कोण, असं विचारावं लागत नाही. घडवणाऱ्याला त्याला पंख, आयाळ किंवा पांढरी कातडी देण्याची गरज वाटली नाही.

मार्को पोलोची साक्ष मला या सगळ्यात निर्णायक वाटते. तेराव्या शतकाच्या अखेरीस तो सुमात्रात थांबला आणि त्याने तिथल्या युनिकॉर्नविषयी लिहिलं. हत्तीपेक्षा थोडेच लहान, म्हशीसारखे केस, हत्तीसारखे पाय, कपाळाच्या मध्यावर जाड काळं शिंग, डोकं रानडुकरासारखं आणि सतत जमिनीकडे झुकलेलं, चिखलात लोळण्याची आवड. दिसायला अगदी कुरूप. युरोपात सांगतात तसा हा प्राणी कुमारिकेच्या मांडीवर येऊन झोपणारा मुळीच नाही, असंही त्याने बजावलं. लक्षात घ्यावं ते हे की गेंडा समोर आल्यावर ‘हा कुठला नवा प्राणी’ असं त्याने म्हटलं नाही. युनिकॉर्न पाहिला, पण तो चित्रांतल्यासारखा नाही, असं म्हटलं. कथा आणि प्राणी यांच्यातलं नातं त्याला माहीत होतं, आणि दोघांत विसंगती दिसली तेव्हा त्याने प्राण्याच्या बाजूने कौल दिला. चोचले न करता पाहण्याची ही वृत्ती मला फार मोलाची वाटते.

युरोपाने मात्र तो कौल मानला नाही. दोनशे वर्षांनी खरा गेंडा त्यांच्या दारात आला तोही आपल्याच किनाऱ्यावरून. गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फरशाह याने दीवमध्ये किल्ला बांधण्याची पोर्तुगीजांची मागणी नाकारली, पण नजराण्यात एक गेंडा दिला. तो गोव्यात पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्ककडे पोचला आणि १५१५ च्या जानेवारीत जहाजावर चढवून पोर्तुगालला रवाना झाला. मे महिन्यात तो लिस्बनला उतरला. रोमन साम्राज्यानंतर युरोपात पाऊल ठेवणारा हा पहिला जिवंत गेंडा. राजा मॅन्युएलने त्याची हत्तीशी झुंज लावली तेव्हा हत्ती पळून गेला. पुढे पोपला भेट म्हणून पाठवताना १५१६ च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं आणि साखळदंडात बांधलेला तो मुका जीव बुडून मेला. न्यूरेंबर्गचा चित्रकार ड्यूरर याने त्याला कधी पाहिलं नव्हतं. एका पत्रावरून आणि कच्च्या रेखाटनावरून त्याने लाकडी ठशाचं चित्र केलं, अंगावर चिलखताचे पत्रे दाखवले, खांद्यावर एक जादा छोटं शिंग काढलं. हेच चित्र पुढची अडीचशे वर्षं युरोपचा गेंडा ठरलं.

मग युनिकॉर्नचं काय झालं? तर्काने पाहिलं तर त्याच वेळी तो प्रश्न मिटायला हवा होता. मिटला नाही. १५५१ पासून निघालेल्या कॉनराड गेस्नरच्या प्राणिकोशात ड्यूररचा गेंडाही आहे आणि युनिकॉर्नही आहे, दोन स्वतंत्र प्राणी म्हणून. याचं कारण माझ्या मते सरळ आहे. तोपर्यंत युरोपच्या हातात गेंड्याचं शिंग राहिलंच नव्हतं. त्यांच्या हातात दुसरंच शिंग होतं.

ते पांढरं होतं, सरळ होतं, दोरीसारखा पीळ घातलेलं होतं आणि कधी कधी अडीच मीटरहून लांब होतं. उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रात राहणाऱ्या नारव्हाल या देवमाशाचा तो सुळा. नराच्या वरच्या जबड्यातला डावा दात ओठ भेदून बाहेर वाढतो, तोच हा. ग्रीनलंड-आइसलंडच्या बाजूने नॉर्स लोकांनी तो दक्षिणेत विकला. खरेदी करणाऱ्याने नारव्हाल कधी पाहिला नव्हता. पुन्हा तेच: शिंग आलं, प्राणी मागे राहिला. जुन्या ग्रंथांतलं काळं शिंग मध्ययुगीन चित्रांत हळूहळू पांढरं आणि पिळाचं होत गेलं. न्यूयॉर्कच्या क्लॉइस्टर्स संग्रहालयात १५०० च्या आसपास विणलेल्या सात पडद्यांची मालिका आहे. तिच्यातला युनिकॉर्न पाहा. अंग पांढऱ्या घोड्याचं, दाढी बोकडाची, खूर दुभंगलेले, आणि शिंग हुबेहूब नारव्हालच्या सुळ्याचं. विणणाऱ्यांपुढे अशा सुळ्याचा नमुना होता, हे त्या पिळाच्या अचूकपणावरून कुणीही सांगेल. आज मुलींच्या दप्तरांवर आणि वाढदिवसाच्या केकवर जे शिंग असतं तेही हेच.

या सुळ्याची किंमत सोन्याच्या मोलाने मोजली जायची. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीच्या संग्रहातल्या एका सुळ्याचं मोल दहा हजार पौंड धरलं जाई. डेन्मार्कच्या राजांचं सिंहासन या सुळ्यांनी सजवलेलं आहे, कोपनहेगनच्या रोसेनबोर्ग राजवाड्यात ते आजही आहे. १५७७ साली मार्टिन फ्रॉबिशर या इंग्रज दर्यावर्दीच्या खलाशांना कॅनडाच्या उत्तरेकडे किनाऱ्यावर मेलेला नारव्हाल सापडला. शिंग माशाच्या तोंडातून आलेलं त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. तरीही त्यांनी काय केलं, तर शिंगाच्या पोकळीत कोळी सोडले. ते मेले. म्हणजे शिंगात विषावर मात करणारी शक्ती आहे आणि हा समुद्रातला युनिकॉर्न आहे, हे सिद्ध झालं असं त्यांनी मानलं. शेवटी १६३८ मध्ये ओले वोर्म या डॅनिश वैद्याने सगळ्यांसमोर दाखवून दिलं की बाजारातलं युनिकॉर्नचं शिंग हा नारव्हालचा दात आहे. त्यानंतर बाजारभाव कोसळायला वेळ लागला, पण शिंगाचा चमत्कार उतरणीला लागला.

इतर उमेदवारांबद्दल थोडक्यात. अरबस्तानातला ऑरिक्स हा लांब शिंगांचा हरणासारखा प्राणी बाजूने पाहिला की दोन शिंगं एकामागे एक झाकली जातात, म्हणून तोच मूळ युनिकॉर्न, असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं असतं. ऑरिक्सचा वाटा असेल. अॅरिस्टॉटलने एकशिंगी प्राणी म्हणून भारतीय गाढवाबरोबर ऑरिक्सचंही नाव घेतलं आहे. पण हरीण मान हलवतं, आणि ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या त्याची शिकार केली त्यांना दुसरं शिंग दिसलं नसेल हे मानणं कठीण आहे. दुरून ऐकणाऱ्यांची गफलत होऊ शकते, शिकाऱ्याची नाही. व्हिएतनाममध्ये १९९२ साली उजेडात आलेल्या साओला या दुर्मीळ प्राण्याला ‘आशियाई युनिकॉर्न’ म्हणतात. त्याला दोन शिंगं आहेत आणि दंतकथेशी त्याचा काही संबंध नाही. दुर्मीळ आहे म्हणून ते नाव पडलं, एवढंच.

इलास्मोथेरियमची गोष्ट वेगळी, कारण तिच्यात खरं विज्ञान आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या अभ्यासानुसार हा प्राणी २९ हजार नव्हे, सुमारे ३९ हजार वर्षांपूर्वीपर्यंत तग धरून होता, म्हणजे माणसाने त्याला पाहिलं असणार. पण त्याचं शिंग आजवर कुणाला मिळालेलं नाही. गेंड्याचं शिंग केरॅटिनचं असतं, आपल्या नखांच्या जातीचं, ते जमिनीत टिकत नाही. कवटीवरच्या घुमटासारख्या उंचवट्यावरून शिंगाचा अंदाज बांधलेला आहे आणि ते मोठं होतं की अगदी छोटं, यावरच मतभेद आहेत. शिवाय टेसियसपर्यंत ३५ हजारांहून अधिक वर्षांचं अंतर पडतं. एवढा काळ एक आठवण तोंडातोंडी जशीच्या तशी चालत आली असं म्हणायला पुरावा लागतो, आणि एकशिंगी गेंडा समोर जिवंत असताना त्या कल्पनेची गरजही नाही. जीवाश्मांनी मात्र दंतकथेला नंतर खतपाणी घातलं हे खरं. १६६३ मध्ये जर्मनीतल्या क्वेडलिनबुर्गजवळ जिप्समच्या खाणीत मिळालेल्या हाडांवरून दोन पायांचा, लांब शिंगाचा युनिकॉर्न उभा केला गेला. लाइबनिट्झसारख्या थोर बुद्धीच्या माणसाने त्याचं चित्र आपल्या ग्रंथात घेतलं. ती हाडं मॅमथ आणि केसाळ गेंडा यांसारख्या हिमयुगातल्या प्राण्यांची होती.

शरीरशास्त्राचा एक आक्षेपही इथे आठवतो. दुभंगलेल्या खुरांच्या प्राण्याची कपाळाची हाडं मधोमध जुळलेली असतात, त्या सांध्यावर शिंग उगवणारच नाही, असं क्युव्हिए या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात सांगितलं. १९३३ मध्ये अमेरिकेच्या मेन विद्यापीठातल्या फ्रँकलिन डोव्हने एक दिवसाच्या गोऱ्ह्याचे दोन शिंगांचे अंकुर काढून कपाळाच्या मध्यावर एकत्र बसवले. ते जुळले, आणि बैल मोठा झाला तो एकच भक्कम शिंग घेऊन. शिंगाचा अंकुर कवटीतून नव्हे, कातडीतून सुरू होतो आणि मग हाडाला धरतो, हे त्याने दाखवलं. २००८ मध्ये इटलीत प्रातो इथल्या राखीव उद्यानात कपाळाच्या मधोमध एकच शिंग असलेलं हरीण सापडलं, ती निसर्गाची चूक होती. एखाद्या गुराख्याने किंवा एखाद्या विकृत जन्माने दंतकथेला स्थानिक दुजोरा दिला असेल. पण असे एकटेदुकटे नमुने ‘भारतातला प्राणी’, ‘हत्तीचे पाय’, ‘विषावर उतारा’ हे तपशील देऊ शकत नाहीत.

आता माझ्याच म्हणण्यावरची सर्वांत मोठी हरकत: सिंधू संस्कृतीच्या मुद्रा. त्यांच्यावर सर्वांत जास्त वेळा येणारा प्राणी एकशिंगी आहे, निम्म्याहून अधिक मुद्रांवर तोच. टपाल तिकिटाएवढ्या, मऊ दगडात कोरलेल्या चौकोनात तो उभा असतो. सडपातळ बैलासारखं अंग, लांब मान, गळ्यावर वळ्या, खांद्यावर पानासारखं काही पांघरलेलं, आणि डोक्यातून पुढे झेपावून वर वळलेलं एकच शिंग. पुढ्यात खांबावर ठेवलेलं एक पात्र. कुणी म्हणेल, बाजूने काढलेला बैल, दुसरं शिंग मागे लपलं. पण त्याच मुद्रांवर वशिंडाच्या बैलाची आणि रेड्याची दोन्ही शिंगं बाजूनेच दाखवली आहेत. शिवाय एकच शिंग असलेल्या मातीच्या मूर्तीही मिळाल्या आहेत, आणि मूर्तीला लपवायला दुसरी बाजू नसते. मग हा गेंडा का? तर नाही. गेंडा वेगळा कोरलेला आहे, कातडीच्या घड्यांसह, नाकावरच्या शिंगासह. ज्या कारागिराला गेंडा इतका नेमका येत होता त्याने दुसरा एकशिंगी प्राणी मुद्दाम, काही अर्थाने काढला. तो अर्थ लिपी वाचता येत नाही तोवर आपल्या हाती लागणार नाही. मला वाटतं हा कल्पनेतलाच प्राणी आहे. म्हणजे एकशिंगी प्राण्याची कल्पना गेंड्यावाचूनही सुचू शकते, हे मान्य करायला हवं. आपला ऋष्यशृंगही तसाच: हरिणीच्या पोटी जन्मलेला, डोक्यावर शिंग असलेला ऋषी, ज्याला स्त्रीच्या मोहाने अंगदेशात आणलं गेलं. कुमारिकेच्या मोहाने सापडणाऱ्या युनिकॉर्नशी त्याचं नातं काही अभ्यासकांनी जोडलं आहे. ती कडी मला आकर्षक वाटते, पक्की वाटत नाही.

म्हणूनच ‘युनिकॉर्न मुळात भारतीय, तो आपण जगाला दिला’ असा जो अभिमानाचा सूर हल्ली ऐकू येतो तो मला खटकतो. सिंधूच्या मुद्रा आणि टेसियस यांच्यामध्ये पंधराशे वर्षांची दरी आहे, ती भरून काढणारा दुवा नाही. आपण जगाला कथा दिली नाही. आपल्याकडे प्राणी होता, त्याचं शिंग बाहेर गेलं आणि कथा परक्यांनी रचली. आपल्या वाट्याला अभिमानापेक्षा जबाबदारी जास्त येते, कारण तो प्राणी जगवण्याचं काम आपल्या हातात आहे.

आणि जबाबदारी म्हणतो ती शिंगाच्या औषधाविषयी. युनिकॉर्नचं अंग कुणी आता खरं मानत नाही. पांढरा घोडा गेला, कुमारिका गेली. उरलं ते शिंग आणि त्याच्या चूर्णात आजार घालवण्याची शक्ती आहे हा समज. टेसियसच्या पानावर तो आहे, आणि चीन-व्हिएतनामच्या बाजारात, स्वतःच्या वेगळ्या परंपरेतून आलेला, तोच समज आहे. १५८२ मध्ये आंब्रुआझ पारे या फ्रेंच राजाच्या शस्त्रवैद्याने युनिकॉर्नच्या शिंगाविरुद्ध अख्खा प्रबंध लिहिला. शिंग भिजवलेल्या पाण्यात त्याने बेडूक ठेवला. विषारी जीव या पाण्यात मरतो अशी समजूत होती, बेडूक तीन दिवसांनीही टुणटुणीत होता. राजाच्या पेल्यात शिंगाचा तुकडा बुडवण्याची रीत बंद करावीशी त्याच्या काळच्या मुख्य राजवैद्यालाही वाटत होती, पण लोकांच्या मनात ती इतकी रुजली होती की हात लावण्याची सोय नव्हती, असंही पारेने नोंदवलं आहे. सव्वाचारशेहून जास्त वर्षांपूर्वी एका वैद्याने जे स्वच्छ दाखवून दिलं ते आजही पुरेसं पोचलेलं नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. २०१० मध्ये व्हिएतनाममधला शेवटचा जावन गेंडा शिंग कापलेल्या अवस्थेत मरून पडलेला सापडला. एकट्या दक्षिण आफ्रिकेत २०१४ या एका वर्षात १,२१५ गेंडे चोरट्या शिकारीत गेले. विकत घेणाऱ्याच्या हातात पुडी असते. गेंडा त्याने पाहिलेला नसतो.

आसामची गोष्ट मात्र उमेद देणारी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काझीरंगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके गेंडे उरले होते. २०२२ च्या गणनेत तिथे २,६१३ आढळले. त्याच वर्षी आसामात एकही गेंडा चोरट्या शिकारीत गेला नाही. हे काम वनरक्षकांनी पावसापाण्यात, बंदुकांच्या समोर उभं राहून केलं आहे. २२ सप्टेंबर २०२१ ला, जागतिक गेंडा दिनी, काझीरंगाजवळच्या बोकाखात इथे आसाम सरकारने कोषागारांत वर्षानुवर्षं साठलेली २,४७९ शिंगं चितेवर रचून जाहीरपणे जाळली. एवढी संपत्ती राख का केली, ती विकून तो पैसा संरक्षणाला का वापरला नाही, अशी टीका झाली. दक्षिण आफ्रिकेत शिंगाच्या देशांतर्गत विक्रीला मुभा आहे आणि आंतरराष्ट्रीय बाजार खुला करावा अशी मागणी तिथले गेंडापालक करत असतात, कारण शिंग कापलं तरी पुन्हा वाढतं.

मला जाळण्याचा निर्णय योग्य वाटतो. सरकारने शिंगाला अधिकृत भाव ठरवला की त्या शिंगात भाव देण्यासारखं काही आहे असं सरकारच सांगतं. पाठोपाठ खरेदीदार वाढतात, आणि परवान्याचं शिंग कोणतं, चोरीचं कोणतं हे पुडीतल्या चूर्णावरून कुणाला कळणार? पालन केलेल्या गेंड्यांच्या शिंगाने ती मागणी पुरी होईल हा हिशेब दक्षिण आफ्रिकेतल्या खासगी कुरणांपुरता मांडता येईल. काझीरंगाच्या उघड्या गवताळ प्रदेशात, ब्रह्मपुत्रेचा पूर आला की गेंडे रस्त्यापर्यंत चढून येतात तिथे, शिकाऱ्याला एका गोळीत जे मिळतं त्याच्याशी स्पर्धा करता येणार नाही. आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९७७ पासून असलेली बंदी भारताने तशीच लावून धरावी, आणि शाळेच्या पुस्तकांत युनिकॉर्नचं चित्र येईल तिथे शेजारी नाकावर एकच शिंग असलेल्या आपल्या गेंड्याचंही चित्र छापावं.